‘मॅनोस : द हॅण्ड्स ऑफ फेट’ : एका हौशी भयपटाची निर्मिती, विस्मृती आणि पुनःप्राप्ती

चित्रपटाचा इतिहास बहुतांशी यशाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ज्या कलाकृतींनी तंत्रात भर घातली, ज्यांनी तिकीटबारीवर विक्रम केले किंवा ज्यांचे समीक्षकांनी स्वागत केले, त्यांच्याभोवती या इतिहासाची प्रकरणे रचली जातात. फसलेल्या चित्रपटाला तेथे तळटीपेपलीकडे स्थान मिळत नाही. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही फसलेल्या चित्रपटांभोवतीच एक निष्ठावान प्रेक्षकवर्ग उभा राहिला आणि यशापयशाची ही सरळ विभागणी अपुरी ठरू लागली. अशा चित्रपटांना ‘कल्ट’ चित्रपट म्हणण्याचा प्रघात पडला. टेक्सास राज्यातील एल पासो शहरात १९६६ मध्ये तयार झालेला ‘मॅनोस : द हॅण्ड्स ऑफ फेट’ हा भयपट या वर्गातील एक ठळक उदाहरण होय. त्याची निर्मिती, त्याचे विस्मरण, त्याचा उपहास आणि अखेर त्याचे जतन या चार अवस्था क्रमाने तपासल्या, तर एखादी कलाकृती कोणाच्या बळावर टिकते, हा प्रश्न अधिक नेमकेपणाने मांडता येतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार मोठ्या चित्रपटसंस्थांना आपल्या मालकीची चित्रपटगृहे सोडून द्यावी लागली. निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन या तिन्ही गोष्टी एकाच हाती असण्याची व्यवस्था त्यामुळे मोडली. याच सुमारास मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची ‘ड्राइव्ह-इन’ चित्रपटगृहे देशभर पसरली. त्यांना स्वस्त चित्रपटांचा सतत पुरवठा हवा होता. दूरचित्रवाणीनेही या मागणीत भर घातली. युनिव्हर्सल या संस्थेचे जुने भयपट १९५७ मध्ये ‘शॉक’ या नावाने एकगठ्ठा दूरचित्रवाणी केंद्रांना विकले गेले आणि तरुणांची एक पिढी रात्री घरबसल्या भयपट पाहत वाढली.

भयपटाला नामवंत नट लागत नाहीत, भव्य नेपथ्य लागत नाही. अंधार, एकाकी घर आणि एखादा विचित्र चेहरा एवढे भांडवल पुरते, असा समज यातून रूढ झाला. हा समज सर्वस्वी चुकीचा नव्हता. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी औद्योगिक व शैक्षणिक माहितीपट तयार करणाऱ्या हर्क हार्वी यांनी १९६२ मध्ये ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ हा भयपट अत्यल्प खर्चात काढला. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या जॉर्ज रोमेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ प्रदर्शित केला. दोन्ही चित्रपट हॉलिवूडबाहेरचे, परंतु दोहोंच्या कर्त्यांची उपजीविका कॅमेऱ्यावर चालत होती. ‘मॅनोस’चा कर्ता हॅरल्ड पी. वॉरन याच्याजवळ हा अनुभवही नव्हता. तो विमा व खते यांच्या विक्रीच्या व्यवसायात होता आणि एल पासोच्या हौशी रंगभूमीवर वावरत होता.

मराठीत ‘हौशी’ या शब्दाला दोन छटा आहेत. अर्थार्जनाची अपेक्षा न ठेवता केवळ आवडीने कलेकडे वळणारा तो हौशी. आणि ज्याच्या कामात सफाई नाही, तोही हौशीच. ‘मॅनोस’च्या बाबतीत यांपैकी दुसरी छटाच दीर्घकाळ लक्षात घेतली गेली.

निर्मिती

‘रूट ६६’ या दूरचित्रवाणी मालिकेचे लेखक स्टर्लिंग सिलिफंट हे चित्रीकरणस्थळांच्या शोधात एल पासोच्या परिसरात आले असता वॉरनशी त्यांचा परिचय झाला. भयपट काढणे मुळीच अवघड नाही, आपण एकट्याने तो काढून दाखवू, अशी पैज वॉरनने त्यांच्याशी लावली, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. हेच सिलिफंट पुढे ‘इन द हीट ऑफ द नाइट’ या चित्रपटाच्या पटकथेसाठी ऑस्करचे मानकरी ठरले. पैज व्यावसायिकाशी होती आणि ती पुरी करणाऱ्याजवळ व्यवसायाचे कोणतेही साधन नव्हते. लेखन, दिग्दर्शन आणि निर्मिती वॉरननेच केली. नायकाची भूमिकाही त्याने स्वतःकडे घेतली. एकूण खर्च सुमारे १९,००० डॉलर होता.

कथानक साधे आहे. माइक, त्याची पत्नी मार्गारेट, लहान मुलगी डेबी आणि त्यांचा कुत्रा सहलीला निघतात, वाट चुकतात आणि वैराण प्रदेशातील एका घरापाशी येऊन पोहोचतात. ‘मालक’ परगावी असल्याने आपण घर सांभाळतो, असे सांगणारा टॉर्गो नावाचा अडखळत चालणारा सेवक तेथे त्यांना भेटतो. ‘मालक’ हा एका दुष्ट दैवताचा उपासक असून त्याच्या अनेक पत्नी निद्रिस्तावस्थेत आहेत, हे यथावकाश उघड होते. शेवटी नायकच टॉर्गोच्या जागी दारात उभा राहतो आणि त्याची पत्नी व मुलगी मालकाच्या पत्नींत सामील झालेल्या दिसतात. चित्रपटाच्या नावातही एक गंमत आहे. ‘मॅनोस’ म्हणजे स्पॅनिश भाषेत हात. तेव्हा संपूर्ण शीर्षकाचा अर्थ ‘हात : नियतीचे हात’ असा होतो. रिओ ग्रांदे नदीच्या पैलतीरी मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस हे शहर असलेल्या एल पासोत ही द्विरुक्ती कोणाच्या ध्यानात आली नसेल, असे मानणे कठीण आहे.

चित्रपटाचे जे दोष पुढे कुप्रसिद्ध झाले, त्यांतील बहुतेकांचा उगम साधनांच्या मर्यादेत आहे. चित्रीकरणासाठी वापरलेला १६ मिलिमीटरचा कॅमेरा चावीचा होता आणि एकदा चावी दिल्यावर तो सुमारे ३२ सेकंदच चाले. चित्रपटाची लांबी सुमारे ७० मिनिटे आहे. याचा अर्थ असा की, कितीही काटकसर केली तरी किमान १३० तुकडे जोडल्याशिवाय एवढा चित्रपट तयारच होऊ शकत नव्हता. कॅमेरा भाड्याचा असल्याने मुदतीत परत करावयाचा होता; त्यामुळे पुनर्चित्रीकरणाला फारसा वाव राहिला नाही. चित्रीकरणाबरोबर ध्वनिमुद्रण झालेच नाही. सर्व पात्रांचे संवाद मागाहून मोजक्याच व्यक्तींनी आपल्या आवाजात भरले. रात्रीच्या प्रसंगांत दिव्यांकडे झेपावणारे पतंग पडद्यावर स्पष्ट दिसतात. आरंभीचा मोटारप्रवास कंटाळवाणा होईपर्यंत लांबतो, कारण त्या दृश्यांवर श्रेयनामावली झळकावयाची होती आणि ती तेथे घातली गेली नाही. मोटारीत प्रणयाराधन करणारे एक जोडपे कथेशी संबंध नसताना वारंवार दिसते. त्यातील अभिनेत्रीचा पाय चित्रीकरणाच्या आरंभीच मोडल्याने तिला बसून करता येईल अशी ही भूमिका दिली गेली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

या शेवटच्या तपशिलाकडे वेगळ्या नजरेनेही पाहता येते. व्यावसायिक निर्मितीत जायबंदी नटीच्या जागी दुसरी नटी येते. येथे माणसाला सामावून घेण्यासाठी कथेलाच ठिगळ लावले गेले. कलेच्या दृष्टीने तो दोष आहे; हौशी मंडळाच्या व्यवहारात मात्र तो रिवाज आहे.

नटवर्ग प्रामुख्याने स्थानिक रंगभूमीवरून आणि शहरातील एका मॉडेलिंग संस्थेतून आला. कोणालाही रोख मानधन नव्हते. नफा झाल्यास त्यात वाटा मिळेल, एवढेच आश्वासन होते. ‘मालका’ची भूमिका करणाऱ्या टॉम नेमन यांनी नेपथ्य, भिंतीवरचे तैलचित्र आणि हातांची शिल्पे स्वतः घडवली. पडद्यावर दिसणारा मालकाचा कुत्रा नेमन कुटुंबाचाच होता आणि डेबीची भूमिका त्यांची मुलगी जॅकी हिने केली. कामाचा प्रत्यक्ष मोबदला दोघांनाच मिळाल्याचे सांगतात : मुलीला एक सायकल आणि कुत्र्याला त्याचे खाद्य.

पहिला खेळ आणि विस्मरण

१५ नोव्हेंबर १९६६ रोजी एल पासोच्या कॅप्री चित्रपटगृहात पहिला खेळ झाला. शहरातील प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. चित्रपट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात प्रेक्षागृहात हशा पिकू लागला. आपल्या तोंडून परका आवाज निघालेला ऐकून जॅकीला रडू कोसळले, ही आठवण तिने पुढे अनेकदा सांगितली आहे. टॉर्गोची भूमिका करणारा जॉन रेनॉल्ड्स हा तरुण नट तेव्हा हयात नव्हता. खेळापूर्वी सुमारे एक महिना, १६ ऑक्टोबर १९६६ रोजी, त्याने आत्महत्या केली होती. टॉर्गोच्या वेशासाठी पायांना बांधलेल्या धातूच्या सांगाड्यामुळे त्याला असह्य वेदना जडल्या आणि त्यातून त्याने जीव दिला, अशी आख्यायिका चाहत्यांमध्ये रूढ झाली. नेमन कुटुंबाने ती मान्य केलेली नाही. एका माणसाच्या मृत्यूचे असे सोयीस्कर कथानक बनावे, हा लोकप्रियतेचा एक क्रूर परिणाम होय.

एल पासोच्या परिसरातील काही ड्राइव्ह-इन चित्रपटगृहांपलीकडे ‘मॅनोस’ची मजल गेली नाही. नफाच न झाल्याने वाट्याचा प्रश्न उद्भवला नाही. वॉरनने पुढे आणखी एका चित्रपटाची जुळवाजुळव केली, परंतु तिला कोणी पाठबळ दिले नाही. १९८५ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा ‘मॅनोस’ची आठवण एल पासोबाहेर जवळजवळ कोठेच उरली नव्हती. चित्रपटाच्या प्रती मात्र दूरचित्रवाणी केंद्रांना स्वस्तात विकल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांत पडून राहिल्या होत्या. पुढील घडामोडींचे बीज या पडून राहण्यातच होते.

उपहासातून लोकप्रियता

वाईट चित्रपटाचा जाणीवपूर्वक आस्वाद घेण्याची वृत्ती अमेरिकेत साठोत्तरी काळात आकाराला आली. सुझन सोन्टॅग यांनी १९६४ मध्ये ‘कॅम्प’ या संवेदनेवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात अजाणतेपणी हास्यास्पद झालेल्या कलाकृतीला हेतुपुरस्सर केलेल्या विडंबनापेक्षा वरचे स्थान दिले. १९८० मध्ये मेडवेड बंधूंच्या पुस्तकाने एड वुड यांच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ या चित्रपटाला सर्वांत वाईट चित्रपटाचा मान दिला आणि अशा चित्रपटांचा शोध हा एक छंदच झाला.

‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ हा जोएल हॉजसन यांनी १९८८ मध्ये मिनियापोलिस येथील एका स्थानिक वाहिनीवर सुरू केलेला कार्यक्रम याच परंपरेतला. अंतराळयानात अडकलेला एक माणूस आणि त्याचे दोन यंत्रमानव जुने चित्रपट पाहतात. त्यांच्या छायाकृती पडद्याच्या तळाशी दिसतात आणि चित्रपट चालू असतानाच ते त्यावर टीकाटिप्पणी करीत राहतात, अशी त्याची रचना होती. चित्रपटांची निवड करणाऱ्या फ्रँक कॉनिफ यांच्या हाती अशाच एका गठ्ठ्यातून ‘मॅनोस’ लागला. ३० जानेवारी १९९३ रोजी कॉमेडी सेंट्रल वाहिनीवरून तो भाग प्रसारित झाला. नायकाला वाईट चित्रपट पाहावयास लावून छळणाऱ्या खलपात्रांनीच या खेपेस चित्रपटाबद्दल दिलगिरी व्यक्त करावी, असा विनोद त्यात योजला होता. टॉर्गो हे पात्र पुढे त्या कार्यक्रमात पुन्हापुन्हा अवतरू लागले.

भयपटाने हसवावे, ही गोष्ट भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला अनोखी वाटू नये. अनुचित आलंबनामुळे रसाचा परिपोष न होता केवळ त्याचा आभास निर्माण झाला, तर तो आभास हास्याला कारण होतो आणि हे केवळ शृंगारापुरते खरे नसून अन्य रसांनाही लागू आहे, असे अभिनवगुप्ताने प्रतिपादन केले आहे. ‘मॅनोस’मध्ये भयानकाची सर्व सामग्री आहे : निर्जन स्थळ, सूर्यास्त, बंदिस्त स्त्रिया, अमानुष मालक. परंतु भय आणि ते दाखविण्याचे साधन यांत पदोपदी फारकत होते. टॉर्गोची चाल भीती घालण्याऐवजी नटाच्या गैरसोयीची आठवण करून देते. बालिकेच्या मुखातून प्रौढ स्त्रीचा आवाज निघतो आणि प्रसंगाचा धागा तुटतो. रसाभासाच्या या उपपत्तीने हशाचे कारण उलगडते. निष्ठेचे कारण मात्र उलगडत नाही. एकदा हसून झाल्यावर प्रेक्षक त्याच चित्रपटाकडे पुन्हापुन्हा का वळतो?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा जेफ्री स्कॉन्स यांच्या विवेचनात सापडतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी प्रतिष्ठित अभिरुचीबाहेरच्या चित्रपटांच्या या आस्वादाला ‘पॅरासिनेमा’ असे नाव दिले. असा चित्रपट पाहताना कल्पित कथेचा पडदा विरतो आणि पलीकडचे निर्मितीचे वास्तव दिसू लागते, हे त्यांचे निरीक्षण ‘मॅनोस’ला तंतोतंत लागू पडते. पाहणाऱ्याला मालक व त्याच्या पत्नी दिसेनाशा होतात आणि एल पासोतील काही विक्रेते, गृहिणी, नट व विद्यार्थी दिसू लागतात. त्यांची धडपड हीच खरी कथा ठरते. हशा क्रमाक्रमाने कुतूहलात आणि कुतूहल आपुलकीत परिणत होण्याची ही प्रक्रिया आहे.

जतन

या आपुलकीचा दृश्य परिणाम २०११ मध्ये घडला. चित्रपटशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या बेंजामिन सोलोवी या तरुणाने लिलावात जुन्या चित्रफितींचा एक संच खरेदी केला आणि त्यात त्याला ‘मॅनोस’ची मूळ १६ मिलिमीटरची कार्यप्रत आढळली. तोवर उपलब्ध असलेल्या व्हिडिओ प्रती पुनःपुन्हा केलेल्या नकलांवरून उतरल्या होत्या. त्यांत रंग फिके, कडा अस्पष्ट आणि रात्रीची दृश्ये काळीठिक्कर होती. सोलोवीने महाजालावरून लोकवर्गणीचे आवाहन केले. त्याने मागितले होते १०,००० डॉलर. जमले सुमारे ४८,०००. म्हणजे चित्रपट तयार करण्यास जेवढा खर्च आला होता, त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम, चलनमूल्यातील फरक वगळता, केवळ त्याच्या पुनःस्थापनेसाठी सामान्य चाहत्यांनी दिली. पुनःस्थापित आवृत्ती २०१५ मध्ये सिनॅप्स फिल्म्स या संस्थेने ब्लू-रे स्वरूपात प्रकाशित केली.

स्वच्छ झालेल्या चित्रफितीने अभिनय सुधारला नाही किंवा कथेतील खिंडारे बुजली नाहीत. परंतु नेमन यांनी रंगवलेले तैलचित्र, झग्यावरील लाल हातांची आकृती आणि टेक्सासच्या माळावरचा उजेड प्रथमच नीट दिसला. चित्रपटावर दिलेल्या निकालात निकृष्ट नकलेवर दिलेला निकाल किती मिसळला होता, हे यातून ध्यानात येते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा अनुभव परिचित आहे : पाठ भ्रष्ट असताना कर्त्याला दोष देण्याची घाई करू नये.

मालकीचा प्रश्न

‘मॅनोस’चे टिकून राहणे आणि पुन्हा प्रकाशात येणे ज्या एका गोष्टीमुळे सुकर झाले, ती कायद्याशी संबंधित आहे. १९०९ च्या अमेरिकी कायद्यानुसार, प्रकाशित कृतीवर स्वामित्वहक्काची सूचना छापलेली नसल्यास ती कृती सार्वजनिक मालमत्ता होत असे. ही व्यवस्था १९७७ च्या अखेरपर्यंत चालू होती. ‘मॅनोस’च्या पडद्यावर अशी सूचना नाही. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’च्या बाबतीतही वितरकाने शीर्षक बदलताना ही सूचना गळाली आणि तो चित्रपट कोणालाही विनामूल्य दाखवता येऊ लागला. दोन्ही चित्रपटांचा प्रसार या निष्काळजीपणातून झाला. गुणवत्तेच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे : रोमेरो यांच्या चित्रपटाची १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली. परंतु टिकण्याचे साधन दोहोंना एकच लाभले. ज्या चित्रपटाला मालक नाही, त्याची नक्कल करण्यास कोणाची हरकत नसते. आणि नकला जितक्या अधिक, तितकी नष्ट होण्याची शक्यता कमी.

या सोयीची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. मालकी नसल्याने ज्यांनी विनामूल्य काम केले, त्यांना पुढच्या लोकप्रियतेतून कायद्याने काहीच मिळण्याजोगे नव्हते. वॉरनच्या मुलाने चित्रपटावर हक्क सांगितला आणि सोलोवीच्या कार्याला त्याचा विरोध राहिला. यात केवळ लोभ पाहणे अन्यायाचे होईल. ज्याच्या वडिलांची हयातीत आणि हयातीनंतर टवाळी झाली, त्याला त्या टवाळीतून इतरांनी पैसा मिळवलेला पाहणे सोपे नव्हते. याउलट जॅकी नेमन जोन्स यांनी चाहत्यांशी संबंध जोडण्याचा मार्ग पत्करला. २०१६ मध्ये त्यांनी या चित्रपटाबरोबर वाढल्याच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी टॉम नेमन यांचे निधन झाले. मात्र आपले काम अनोळखी माणसांनी आस्थेने पाहिल्याचा अनुभव त्यांना त्यापूर्वी मिळाला होता. वॉरन आणि रेनॉल्ड्स यांना तो मिळाला नाही.

समारोप

‘मॅनोस’ हा दुर्लक्षित राहिलेला उत्तम चित्रपट होता, असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. तो फसलेलाच चित्रपट आहे. परंतु फसलेल्या कृतीतही एका शहराचे, एका काळाचे आणि एका सामूहिक उद्योगाचे जे दस्तऐवजी मूल्य असते, ते यशस्वी कृतीच्या सफाईखाली अनेकदा झाकले जाते. १९६६ सालच्या एल पासोतील हौशी मंडळींचे चेहरे, त्यांची मोटार, त्यांचे कपडे आणि त्यांच्या साधनांची मर्यादा यांची इतकी तपशीलवार नोंद अन्यत्र मिळणे कठीण आहे.

दुसरे असे की, चित्रपटाचे जतन करावयाचे किंवा नाही, हे गुणवत्तेवर ठरावे, हा आग्रह या उदाहरणापुढे टिकत नाही. गुणवत्तेचा निकष १९६६ मध्ये लावला असता, तर ‘मॅनोस’ची एकही प्रत उरली नसती. तो उरला याची कारणे म्हणजे वितरणातील बेफिकिरी, कायद्यातील एक त्रुटी, विनोदी कार्यक्रमाची निकड आणि शेवटी चाहत्यांची वर्गणी. यांतील पहिली तीन कारणे योगायोगाची आहेत. चौथे मात्र जाणीवपूर्वक केलेल्या निवडीचे आहे. हसण्यासाठी जमलेल्या प्रेक्षकांनीच अखेर स्वतःचे पैसे घालून त्या चित्रपटाला स्वच्छ स्वरूप दिले, हे ‘कल्ट’ या संज्ञेच्या अभ्यासात लक्षात घ्यावे लागते. वॉरनने पैज लावली होती ती चित्रपट काढून दाखवण्याची. त्या अर्थाने ती त्याने १९६६ मध्येच जिंकली होती. तो पाहिला जाईल, याची हमी त्या पैजेत नव्हती आणि ती पुढे इतरांनी दिली.